फोटो काढणे सोपे, जपणे हाच धंदा

तालुक्याच्या गावात थोड्या भांडवलावर उभा राहणारा आणि घरच्या माणसांनी मिळून चालविता येणारा धंदा म्हणजे फोटो स्टुडिओ. आम्ही दोघे भाऊ गेली तीस-पस्तीस वर्षे हा धंदा करीत आहोत. रोल धुण्यापासून सुरुवात केली, २००६ साली डिजिटल कॅमेरा घेतला. आता अनेक तरुण या धंद्यात येऊ इच्छितात. चांगला कॅमेरा कोणता, असे ते आम्हास विचारतात. काढलेला फोटो ठेवावयाचा कसा, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मते धंद्याच्या दृष्टीने दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे. तो आम्हास कसा कळला, ते आधी सांगतो.

२००९ सालच्या लग्नसराईत आमच्या कॉम्प्युटरमधील जागा भरली. आम्ही ५०० जीबीची एक बाहेरची हार्ड डिस्क आणली, चौदा लग्नांचे फोटो तिच्यावर हलविले आणि कॉम्प्युटरमधून काढून टाकले. चार दिवसांनी चालू डिस्क टेबलावरून खाली पडली. आतून टकटक असा आवाज येऊ लागला. शहरात नेऊन दाखविली, पण काही निघाले नाही. गिऱ्हाइकांना अल्बम दिलेले होते, पैसेही मिळालेले होते. त्यामुळे नुकसान फक्त डिस्कच्या किमतीचे झाले, अशी आम्ही मनाची समजूत घातली.

दोन महिन्यांनी एक चाचा दुकानात आले. त्यांच्या धाकट्या मुलीच्या निकाहचे फोटो आम्हीच काढले होते. त्यानंतर त्यांची पत्नी वारली होती. "बेटा, अल्बम घरात आहे, पण त्यात ती कुठंच धड दिसत नाही. त्या दिवशी तुम्ही खूप फोटो काढले होते. एखादा तरी निघेल, बघ," असे ते म्हणाले. अल्बममध्ये न घेतलेले शेकडो फोटो त्या डिस्कवरच होते. आम्ही मान खाली घालून खरे ते सांगितले. मग भावाला आठवले, की थोरल्या मुलीचे लग्नही आम्हीच केले होते, १९९४ साली, रोलवर. माळ्यावरच्या खोक्यात निगेटिव्ह सापडली आणि तिच्यावरून आम्ही फोटो काढून दिला. चेहरा पंधरा वर्षांनी तरुण होता. चाचांनी तो घेतला, पण जो फोटो त्यांना हवा होता तो आम्ही देऊ शकलो नाही.

त्या दिवशी आम्हास एक गोष्ट समजली. रोलच्या काळात फोटो काढला की निगेटिव्ह आपोआप मागे राहत असे. कोणी मुद्दाम जपली नाही, तरी खोक्यात पंधरा-वीस वर्षे टिकत असे. फाईलचे तसे नाही, ती मुद्दाम जपावी लागते. म्हणून हा पाठ आम्ही घेण्यापासून ठेवण्यापर्यंत क्रमाने देत आहोत.

कॉम्प्युटरमधील चित्र म्हणजे काय?

कॉम्प्युटरला चित्र दिसत नाही, त्याला फक्त आकडे समजतात. म्हणून चित्राचे उभे-आडवे बारीक चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाचा रंग आकड्यांत लिहितात. या चौकोनाला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात व प्रत्येक आकडा ० ते २५५ पर्यंत असतो. या तिघांच्या मिश्रणातून १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग तयार होतात.

ही युक्ती जुनी आहे. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो कॉम्प्युटरमध्ये घातला. त्या चित्रात १७६ गुणिले १७६, म्हणजे ३१ हजारांहूनही थोडे कमी पिक्सेल होते. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे चित्र फक्त १०,००० पिक्सेलचे होते आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. त्याच कोडॅक कंपनीने पुढे रोलच्या धंद्यावरच भिस्त ठेवली आणि जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. धंदा बदलत असताना डोळे मिटून बसणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

चित्र घेणे

कॅमेऱ्यात रोलच्या जागी सेन्सर असतो. त्यावर पडलेल्या प्रकाशाचे विजेत रूपांतर होते आणि त्या विजेचे आकडे होतात. सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही. म्हणून त्याच्यावर रंगीत जाळी बसविलेली असते. तिच्यात निम्मे चौकोन हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात. ही जाळी कोडॅकच्याच ब्राइस बेयर यांच्या नावाने ओळखली जाते. प्रत्येक ठिकाणी एकच रंग मोजला जातो, उरलेले दोन रंग कॅमेरा शेजारच्या चौकोनांवरून ठरवितो.

पिक्सेल किती हवेत, याचा हिशेब छपाईवरून करावा. चांगल्या प्रिंटसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल धरतात. ४ बाय ६ इंचाच्या फोटोस १२०० गुणिले १८००, म्हणजे सुमारे २२ लाख पिक्सेल पुरतात. ८ बाय १२ ला ८६ लाख लागतात. १२ बाय १८ ला १ कोटी ९४ लाख, म्हणजे १९ मेगापिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आपल्या बहुतेक कामांस पुरेसा आहे, तो यामुळेच. त्याहून अधिक पिक्सेलसाठी कर्ज काढण्यापूर्वी, आपल्या गिऱ्हाइकांपैकी किती जण त्याहून मोठा फोटो मागतात, हे पावतीपुस्तक उघडून पाहावे.

पासपोर्ट फोटोचा हिशेबही असाच आहे. ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या फोटोस ४१३ गुणिले ५३१ पिक्सेल लागतात आणि ४ बाय ६ च्या एका कागदावर असे आठ फोटो बसतात. भरतीच्या ऑनलाइन अर्जासाठी मुले २० ते ५० केबीचा फोटो मागतात. तो जरूर करून द्यावा, पण मोठी मूळ फाईल कधीही पुसू नये. लहान केलेला फोटो पुन्हा मोठा केल्यास गेलेला तपशील परत येत नाही. आमच्याकडे एक मुलगा अर्जाचाच ४० केबीचा फोटो घेऊन आला आणि फ्रेमसाठी मोठा करून मागू लागला. मूळ फाईल आमच्याकडे होती, म्हणून काम झाले.

कॅमेऱ्याबाबत आणखी एक बारीक गोष्ट आहे. प्रत्येक फोटोबरोबर तारीख व वेळ नोंदली जाते. लग्नात दोन कॅमेरे असतील, तर कामास निघण्यापूर्वी दोघांची घड्याळे जुळवून घ्यावीत. तसे न केल्यास फोटो वेळेप्रमाणे लावताना जेवणाच्या पंगती आधी आणि निकाह नंतर, असा घोळ होतो.

जुने फोटो कॉम्प्युटरमध्ये घेणे

प्रत्येक घरात आजी-आजोबांचे एक-दोन फोटो असतात आणि त्यांची दुसरी प्रत कोणाकडेही नसते. ते स्कॅन करून देणे, हे सराई नसतानाच्या दिवसांतील चांगले काम आहे. कागदी फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करावा. ४ बाय ६ चा फोटो असा घेतल्यास ८ बाय १२ पर्यंत मोठा करता येतो. निगेटिव्ह लहान असते, म्हणून तिच्यासाठी निदान २४०० डीपीआय लागतात. तेवढ्यात रोलच्या एका चौकटीतून ७० लाखांहून अधिक पिक्सेल मिळतात.

फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल, तर ओढून काढू नये, वरचा थर काचेवर राहून जातो. काचेसकट स्कॅन करावा. ओल्या फडक्याने फोटो पुसू नये, मऊ ब्रशने धूळ झाडावी. फोटो शक्यतो गिऱ्हाइकाच्या समोरच स्कॅन करून तिथल्या तिथे परत द्यावा. दुसऱ्याच्या घरची एकुलती एक वस्तू रात्रभर दुकानात ठेवून घेणे ही मोठी जोखीम आहे.

फाईलचे प्रकार

२४ मेगापिक्सेलच्या चित्रात प्रत्येक पिक्सेलला तीन आकडे, म्हणजे ७ कोटी २० लाख आकडे होतात. ते जसेच्या तसे लिहिल्यास ७२ एमबी जागा लागेल. म्हणून फाईल दाबून लहान करण्याच्या पद्धती निघाल्या. धंद्यात नेहमी लागणारे प्रकार तीन आहेत.

जेपेग : हे मानक १९९२ साली ठरले. चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे तुकडे पाडून, डोळ्याला सहसा न कळणारा तपशील यात टाकून दिला जातो. त्यामुळे तीच फाईल ८ ते १० एमबीत बसते. गिऱ्हाइकाला देण्यास व लॅबला पाठविण्यास हा प्रकार उत्तम. दोष असा, की फाईल उघडून, बदल करून पुन्हा जेपेगमध्येच सेव्ह केली की दर वेळी थोडे नुकसान होते. म्हणून मूळ फाईलवर कधीही काम करू नये, तिची नक्कल करून तिच्यावर करावे.

रॉ : सेन्सरने मोजलेले आकडे यात जवळजवळ जसेच्या तसे राहतात. फाईल २५ ते ४० एमबीची होते, पण अंधार-उजेड वा रंग बिघडलेला फोटो सुधारण्यास यात पुष्कळ वाव असतो. रॉ हीच आजची निगेटिव्ह समजावी.

टिफ : यात फाईल दाबली, तरी सहसा तपशील गमावला जात नाही. दुरुस्त केलेला जुना फोटो कायमचा ठेवावयाचा असेल, तर टिफमध्ये ठेवावा.

व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठविला की तो लहान होऊन जातो. गिऱ्हाईक फ्रेमसाठी फोटो पाठविणार असेल, तर त्यास डॉक्युमेंट म्हणून पाठविण्यास सांगावे, तसे केल्यास मूळ फाईल जशीच्या तशी येते. एवढी एक सूचना दुकानात लिहून लावल्याने आमच्याकडच्या "फोटो फाटला" या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या.

चित्र ठेवणे

आता मुख्य भाग. जागा किती लागते, ते आधी पाहू. एका लग्नात दोन कॅमेऱ्यांवर मिळून ३,००० फोटो निघतात असे धरू. रॉ ३० एमबी आणि जेपेग १० एमबी धरल्यास एका लग्नाचे १२० जीबी झाले. वर्षाला ४० लग्ने म्हणजे ४,८०० जीबी, अर्थात सुमारे ४.८ टीबी. दोन प्रती ठेवल्यास साडेनऊ टीबीच्या वर जाते. एवढा खर्च दरवर्षी लहान दुकानास जड जातो, आणि मग आमच्यासारखे "हलवा आणि पुसा" सुरू होते.

यावर आम्ही काढलेली तोड अशी आहे. अल्बम देऊन झाला, गिऱ्हाइकाची तक्रार नाही असे कळले, की निवडलेल्या ३०० फोटोंच्या रॉ फाईली ठेवतो आणि बाकीच्या रॉ काढून टाकतो. जेपेग मात्र सर्वच्या सर्व ठेवतो, कारण कोणत्या कोपऱ्यातला चेहरा पुढे कोणाला हवा होईल, हे आपण ठरवू शकत नाही. असे केल्याने एका लग्नास १२० ऐवजी ३९ जीबी लागतात. वर्षाचे १.६ टीबीत भागते.

प्रती किती असाव्यात, याचा एक सोपा नियम आहे. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या पुस्तकामुळे तो प्रसिद्ध झाला. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. आमच्याकडे एक प्रत दुकानातील कॉम्प्युटरवर असते, दुसरी कपाटातील बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी घरी ठेवलेल्या डिस्कवर. निवडलेले फोटो याशिवाय इंटरनेटवरील भाड्याच्या जागेतही पाठवितो. दुकानात पाणी शिरले किंवा चोरी झाली, तर घरची प्रत उपयोगी पडते.

सर्व काही इंटरनेटवरच ठेवू, असे काही तरुण म्हणतात. त्यांनी वेळेचा हिशेब करावा. वर पाठविण्याचा वेग २० एमबीपीएस असेल, तर १२० जीबी जाण्यास १३ तासांहून अधिक लागतात. निवडलेले ३०० जेपेग मात्र ३ जीबीच होतात आणि वीस मिनिटांत जातात. मोफत जागेवरही विसंबू नये. गुगल फोटोजमध्ये पूर्वी दाबलेले फोटो कितीही ठेवता येत. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जाऊ लागले आणि अनेकांचा हिशेब चुकला.

साधनांचे गुणदोषही माहीत असावेत. फिरती हार्ड डिस्क जागेच्या मानाने स्वस्त पडते, पण धक्का सोसत नाही. चालू असताना ती हलवू नये. एसएसडी वेगवान असते व धक्का सोसते, म्हणून रोजच्या कामास चांगली. परंतु वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवण्यास ती योग्य नाही. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड हे ने-आण करण्यासाठी आहेत, जपून ठेवण्यासाठी नव्हेत. ज्यांच्याकडे जुन्या सीडी-डीव्हीडी आहेत, त्यांनी त्या लवकरात लवकर हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. त्यांचा थर उडतो आणि त्या वाचणारा ड्राइव्ह आता बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये येत नाही.

बॅकअपची डिस्क काम झाल्यावर कॉम्प्युटरपासून काढून ठेवावी. गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह दिवसभर लावले जातात आणि त्यांच्याबरोबर व्हायरस येतात. काही व्हायरस सर्व फाईलींना कुलूप लावून पैसे मागतात आणि जोडलेली डिस्कही सोडीत नाहीत.

फोटो ठेवून भागत नाही, ते सापडलेही पाहिजेत. फोल्डरच्या नावात आधी साल, मग महिना, मग तारीख, त्यानंतर घराण्याचे नाव आणि प्रसंग लिहावा. सर्व फोल्डर आपोआप ओळीने लागतात. तेच नाव पावतीवर आणि एका साध्या वहीत लिहावे. वहीत कोणते फोल्डर कोणत्या डिस्कवर आहे, हेही नोंदवावे. वर्षातून एकदा प्रत्येक डिस्क लावून पाच-दहा फाईली उघडून पाहाव्यात. बॅकअप आहे असे वाटणे निराळे आणि तो उघडतो हे पाहिलेले असणे निराळे.

फोटो कोणाचा?

भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन कोणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. अर्थात लग्नाचे फोटो आपल्या दुकानात असले, तरी ते आपले नसतात. वधूचा फोटो शोकेसमध्ये लावण्यापूर्वी किंवा मोबाइलच्या स्टेटसवर टाकण्यापूर्वी घरच्यांची आणि तिची स्वतःची परवानगी घ्यावी, शक्यतो लेखी. घरातील स्त्रियांचे फोटो आपल्या भरवशावर काढले जातात. कॉम्प्युटर दुरुस्तीस देताना फोटोंची डिस्क काढून ठेवावी. नोकराच्या मोबाइलमध्ये गिऱ्हाइकांचे फोटो जाऊ देऊ नयेत. ही दुसऱ्याची अमानत आहे आणि अशा बाबतीत एकदा गेलेली पत परत येत नाही.

याचबरोबर आपली जबाबदारी किती, हेही स्पष्ट असावे. आमच्या पावतीवर छापलेले आहे : "फोटो दोन वर्षे जपून ठेवू. अल्बमबरोबर सर्व फोटोंची डिस्क मिळेल, तिची एक प्रत घरी करून घ्यावी." पूर्वी आम्ही तोंडी "कायम राहतील" म्हणत असू. जे पाळता येईल की नाही याची खात्री नाही, ते वचन देऊ नये. दोन वर्षांनंतरही आम्ही फोटो टाकत नाही, पण ती आमची मर्जी आहे, सौद्याचा भाग नव्हे.

जपण्याचा खर्च दरातच धरावा. वर्षाला लागणाऱ्या डिस्का, इंटरनेटच्या जागेचे भाडे आणि नकला करण्यात जाणारा वेळ यांची बेरीज करून तिला लग्नांच्या संख्येने भागावे. येणारी रक्कम दर लग्नामागे फारशी मोठी नसते. ती वेगळी मागितल्यास गिऱ्हाईक घासाघीस करते, ऑर्डरच्या रकमेतच घेतल्यास कोणी नाराज होत नाही. शेजारचा दुकानदार स्वस्तात करतो म्हणून हा खर्च गाळणाऱ्याने, त्याने नेमके काय गाळले आहे, याचा विचार करावा.

कामाचा क्रम

शेवटी आमच्या दुकानातील क्रम देतो. नव्या मुलाला आम्ही पहिल्या दिवशी हाच शिकवितो.

१. कामावरून आल्यावर, कितीही रात्र झाली तरी, कार्ड त्याच रात्री कॉम्प्युटरवर उतरवावे.

२. लगेच दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर करावी. फोटो "हलवू" नयेत, नेहमी नक्कल करावी.

३. दोन्ही ठिकाणची फाईलींची संख्या कार्डावरील संख्येशी ताडून पाहावी आणि सुरुवातीचा, मधला व शेवटचा फोटो उघडून पाहावा.

४. तिसरी प्रत दुसऱ्या दिवशी घरी न्यावी.

५. तिन्ही प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसू नये. लग्नाच्या मांडवात कार्ड मोकळे करण्यासाठी फोटो पुसणे तर मुळीच नको, जादा कार्ड जवळ ठेवावे.

६. वहीत नोंद करून मगच झोपावे.

या सर्वांस तास-दीड तास लागतो. दिवसभर उभे राहून आलेल्या माणसाला तो जड वाटतो, हे आम्ही अनुभवाने जाणतो. पण २००९ साली हा तास आम्ही दिला असता, तर चाचांना त्यांच्या पत्नीचा हवा तो फोटो मिळाला असता. त्यानंतर आमच्या दोन डिस्का पुन्हा बंद पडल्या. दोन्ही वेळा दुसऱ्या प्रतीवरून काम चालले आणि गिऱ्हाइकांना त्याचा पत्ताही लागला नाही.

कॅमेरा आज घरोघरी, प्रत्येकाच्या खिशात आहे. फोटो काढण्यासाठी लोकांना आपली गरज दिवसेंदिवस कमी पडणार आहे. पण स्वतःच्या मोबाइलमधील हजारो फोटो नीट लावून, जपून ठेवण्याचे कौशल्य फार थोड्यांकडे आहे. मोबाइल हरवला, फोटो गेले, असे सांगत रोज कोणी ना कोणी आमच्या दुकानात येतो. जो स्टुडिओवाला स्वतःचे काम नीट जपावयास शिकेल, तो उद्या हेच काम गावाला विकू शकेल. नव्या तरुणांनी कॅमेऱ्याच्या यादीत दोन हार्ड डिस्का आणि एक वही आजच लिहून घ्यावी.